सासूबाई, गुप्तहेर विमान आणि गवतातला चर

गाडी मागे घेताना ती कशावरही आपटू नये, यासाठी मी जर्मनीत रोज आठ तास काम करतो. आणि माझी स्वतःची गाडी मी भर दुपारी, लख्ख उन्हात, दीडशे लोकांदेखत चरात घातलेली आहे.

दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची गोष्ट. म्युनिकजवळच्या एका छोट्या कंपनीत आम्ही सातजण गाडीच्या मागच्या बंपरमध्ये बसवायचे सेन्सर तयार करायचो. मागे भिंत यायला लागली की टूं टूं, अगदी जवळ आली की टूंऽऽऽ. (तो शेवटचा लांब टूं माझा. त्याच्यावर मी पाच महिने घालवले आहेत.) अशा माणसाच्या घरी त्या उन्हाळ्यात नाशिकहून सासूबाई आल्या. एकट्याच आल्या, कारण सासऱ्यांना विमानात बसायची भीती वाटते आणि सासूबाईंना जगात कशाचीच वाटत नाही.

सासूबाई म्हणजे भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका. तीस वर्षं सातवी-आठवीचे वर्ग सांभाळलेल्या, त्यामुळे साधं "मीठ द्या" म्हणाल्या तरी आपण उभे राहतो. आणि त्यांना एक सवय होती. कुठलीही गाडी मागे येताना दिसली, कोणाचीही असो, की त्या तिच्या मागे जाऊन उभ्या राहायच्या आणि हात हलवत सुरू: "येऊ द्या… येऊ द्या… थोडं डावीकडे… हांऽऽ, बस्स!"

पहिल्याच दिवशी आमच्या इमारतीच्या पार्कप्लात्सवर, म्हणजे गाड्या लावायच्या जागेवर, हा कार्यक्रम झाला. तिसऱ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बाईंनी खिडकी उघडून खाली पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आई, अहो बसा ना आत! गाडीला सेन्सर आहे. मीच बनवलाय."

"काय करतो तो?"

"मागचं बघतो."

"मग ओरडतो कशाला? बघणारा माणूस सांगतो, 'अजून हातभर जागा आहे.' हा नुसताच बोंबलतो."

मुग्धा, म्हणजे माझी बायको आणि त्यांची मुलगी, तोंडात ओढणी कोंबून हसत होती. त्या दिवसापासून मी नियम केला: आईंनी गाडीतून उतरायचं नाही आणि 'येऊ द्या' म्हणायचं नाही. त्यांनी तो नियम पाळला. फक्त मी गाडी मागे घेत असताना त्या मागच्या सीटवर डोळे मिटून हात जोडून बसायच्या, आणि ते जास्त अपमानकारक होतं.

सासूबाईंचं दुसरं वेड म्हणजे विमानं. सासर ओझरच्या विमान कारखान्याजवळचं, गच्चीवर पापड वाळत घालताना डोक्यावरून लढाऊ विमानं जायची आणि आवाजावरून त्या जात ओळखायच्या. पण शाळकरी वयात त्यांनी वर्तमानपत्रात एका अमेरिकन गुप्तहेर विमानाचा फोटो पाहिला होता. काळंभोर, लांबलचक पंखांचं, इतक्या उंचावरून उडणारं की खालच्या माणसाला दिसूच नये. तेव्हापासून त्यांच्या मनाने घेतलं होतं.

"लोकांना दिसू नये म्हणून केलंय ना? मग मला तेच बघायचंय!"

निघण्याआधी त्यांनी दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं करून घेतली होती. "नव्या डोळ्यांनी काहीतरी बघण्यासारखं दाखवा हो, समीरराव," असं त्या मला एकदाच म्हणाल्या, आणि ते मला फार लागलं. तीन महिने मी त्यांना किल्ले दाखवले, तळी दाखवली. त्या "छान आहे" म्हणायच्या. एकदा एका राजवाड्यालाही नुसतं "स्वच्छ ठेवलाय" म्हणाल्या.

आणि त्यांच्या परतीला चार दिवस राहिलेले असताना बातमी कळली: दोन तासांवरच्या एका लष्करी विमानतळावर रविवारी लोकांना आत सोडणार आहेत, आणि दुपारी दोनला तेच विमान तिथे उतरणार आहे! मंगळवारी त्यांचं तिकीट. म्हणजे रविवारी दोन वाजता दिसलं तर दिसलं, नाहीतर नाहीच. मी सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या उठून आत गेल्या आणि पहिल्या दिवसापासून जपून ठेवलेली मोतिया रंगाची साडी काढली.

रविवारी सव्वाला आम्ही पोचलो. मी, मुग्धा, सासूबाई आणि आमची सात वर्षांची इरा. पार्किंग एका प्रचंड कुरणात होतं आणि तिथून बस विमानतळाच्या कुंपणापर्यंत नेणार होती. गावच्या अग्निशमन दलातले स्वयंसेवक, हेर लेखनर ('हेर' म्हणजे जर्मनमध्ये श्रीयुत, विमानाशी संबंध नाही) नावाचे एक दणकट आजोबा, सगळ्यांना पार दूरच्या टोकाला पाठवत होते. मला मात्र वाटेला लागूनच, बसथांब्यापासून वीस पावलांवर, सुंदर मोकळी जागा दिसली. तिथे कोणीच गाडी लावलेली नव्हती. (शहाण्या माणसाला यातून काहीतरी कळलं असतं.)

"इथेच लावू! उलटी लावतो, म्हणजे परत निघताना पटकन."

"मी उतरू का?" सासूबाईंनी हळूच विचारलं.

"आई, प्लीज! शंभर माणसं बघतायत."

मी रिव्हर्स टाकला. टूं टूं टूंऽऽऽऽ! सेन्सर बोंबलायला लागला.

"समीर, काहीतरी आहे मागे," मुग्धा म्हणाली.

"गवत आहे. उंच गवताला तो फसतो. मला विचार ना, माझा आहे तो!" असं म्हणून मी मोठ्या रुबाबात त्याचं बटण बंद केलं.

"समीरराव," मागून आवाज आला, "मागे गवत एकदम खाली गेल्यासारखं दिसतंय."

"आई, मोकळं आहे म्हणूनच तर चाललोय!"

धप्प.

गाडीची मागची चाकं पाण्याच्या चरात आणि आमची चौघांची तोंडं आभाळाकडे.

"पापा, वीर झिंट शीफ," इरा म्हणाली. (म्हणजे 'आपण वाकडे झालोय.' पोरीचं जर्मन फार स्वच्छ आहे.)

मागचं दार उघडावं तर खाली चिखल. शेवटी सासूबाईंना दोन सीटच्या मधून पुढे ओढून काढलं. त्यात पदर हँडब्रेकमध्ये अडकला, आणि सोडवताना माझं कोपर हॉर्नवर पडलं. ज्यांचं आमच्याकडे लक्ष नव्हतं त्यांचंही गेलं.

पण खरी गंमत पुढेच होती. गाडीचं नाक वाटेवर आडवं आलं होतं, आणि वाट ती एकच! बस पलीकडे अडकली. मागे गाड्यांची रांग लागली. थांब्यावर दीडशे विमानवेडे उभे होते. कुंपणावरून बघायला ॲल्युमिनियमच्या शिड्या आणि हातभर लांब लेन्सचे कॅमेरे घेऊन आलेले. एकजण तर रात्रभर गाडी चालवत हाम्बुर्गहून आला होता. तो माझ्याकडे ज्या नजरेने बघत होता, तसं माझ्याकडे लग्नात मुग्धाच्या मामांनीही पाहिलं नव्हतं.

अडकलेल्या गाड्या ओढून काढणाऱ्या मदतीच्या क्लबला फोन केला. दीड तास लागेल म्हणाले. घड्याळात एक पंचवीस.

"तुमच्या गाडीला पार्किंगचे सेन्सर नाहीत का?" हेर लेखनरनी विचारलं.

"आहेत," मी म्हणालो. पुढचं काही सांगितलं नाही.

सासूबाई एका बाजूला पर्स धरून उभ्या होत्या. "राहू द्या हो, समीरराव. नशिबात नसेल," त्या म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता. एवढी वर्षं मनात धरलेली गोष्ट दोन किलोमीटरवर येऊन मी चरात घातली होती. वारा सुटला होता, म्हणून मुग्धाने डिकीतलं भगवं जॅकेट त्यांच्या अंगावर घातलं; गाडी बंद पडली की रस्त्यावर घालतात ना, तसलं चकाकणाऱ्या पट्ट्यांचं.

आणि तिथे चमत्कार झाला. जर्मन माणूस देवाला मानेल न मानेल, पण तसल्या जॅकेटला मानतो! बसचा ड्रायव्हर खाली उतरला, थेट सासूबाईंकडे गेला आणि अदबीने विचारता झाला, "बस कुठे घेऊ?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. परवानगी मागत होत्या! मी मान खाली घालून म्हणालो, "आई… सांगा तुम्ही."

मग काय विचारता! आठवी 'ब' चा वर्ग भरला. "ए, तू दाढीवाल्या, इकडे ये. कॅमेरा ठेव खाली. हाम्बुर्ग, तू मागे!" सगळं शुद्ध मराठीत. सगळे बरोबर जागेवर गेले. आठजण चरात उतरले, मी स्टिअरिंगवर, आणि इरा आजीच्या शेजारी दुभाषी.

"एक, दोन, तीन!"

"आइन्स, त्स्वाय, द्राय!"

"येऊ द्या… येऊ द्या… समीरराव, स्टिअरिंग सरळ! सरळ म्हणजे सरळ! येऊ द्याऽऽ… बस्स!"

गाडी फचकन बाहेर आली. टाळ्या पडल्या. मग सासूबाईंनी हात दाखवत मला भलत्याच कोपऱ्यात नेऊन, उलटी, सुतात गाडी लावायला लावली. त्या नादात त्यांनी मागच्या अकरा गाड्याही लावून टाकल्या. हेर लेखनर शेजारी उभे राहून "या, गेनाऊ! या, गेनाऊ!" म्हणजे 'हो, अगदी बरोबर!' एवढंच म्हणत होते.

एक पन्नासला बस सुटली. सासूबाई ड्रायव्हरच्या मागच्या पहिल्या सीटवर. गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेल्या हाम्बुर्गने कुंपणापाशी आपली शिडी उघडली आणि त्यांना म्हणाला, "बिट्टे!" म्हणजे 'चढा ना!' त्या चढल्या. मी शिडी धरली. (मला दुसरं काही धरायला द्यायला कोणी तयार नव्हतं.)

आणि ते आलं.

आधी काळा ठिपका, मग ते लांबच लांब पंख. सासूबाईंनी काळा चष्मा काढला. शिडी हलली म्हणून मी वर पाहिलं, तर त्या रडत होत्या. "दिसलं," त्या म्हणाल्या. "दिसलं गं, मुग्धा! फोटोतल्यापेक्षा मोठं आहे!" माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात धावपट्टीवर एक गाडी सुसाट सुटली, विमानाच्या अगदी मागोमाग.

"ती गाडी कशाला पळतेय?" सासूबाईंनी विचारलं.

मी हाम्बुर्गला विचारलं. त्याने जे सांगितलं त्याचं भाषांतर करावं की नाही, याचा मी क्षणभर विचार केला.

"अं… ते काय आहे आई, वैमानिकाला खालची जमीन नीट दिसत नाही. म्हणून मागच्या गाडीत दुसरा वैमानिक असतो. तो रेडिओवरून सांगतो. इतके फूट राहिले, आता इतके, आता टेकव."

सासूबाई शिडीवरून खाली वाकल्या.

"म्हणजे हे विमान एवढ्या उंचावरून सगळ्या जगाचं बघतं?"

"हो."

"आणि उतरताना मागून माणूस सांगतो?"

"हो."

"सेन्सर नाही?"

मी शिडी घट्ट धरली आणि गवताकडे बघत राहिलो. त्या पुढे एक शब्द बोलल्या नाहीत. तीस वर्षं शाळेत काढलेल्या बाईंना कुठे थांबायचं ते बरोबर कळतं.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर त्या नुसत्या हसत होत्या. सोमवारी सकाळी मी ऑफिसला निघालो होतो, तेव्हा त्यांचा नाशिकला फोन चालू होता. मी बूट घालता घालता कान दिला. जावयाचं कौतुक ऐकायला कोणाला आवडत नाही?

"अहो, पाहिलं! याच डोळ्यांनी पाहिलं! … हो, समीररावांमुळेच. त्यांनी गाडी चरात घातली ना, म्हणून तर आम्हाला बसमध्ये पहिली जागा मिळाली! … हो, हो, गाड्या मागे घ्यायचंच काम आहे त्यांचं कंपनीत…"

पलीकडून सासऱ्यांनी काहीतरी विचारलं. सासूबाई एकदम माझ्या बाजूने उसळल्या.

"छे! काहीतरीच काय बोलता! कंपनी कशाला सांगेल चरात घालायला? ते त्यांनी स्वतःच्या हुशारीने केलं!"