अम्मा मराठीत बोलली

शकुकाकूंच्या घरातून आजवर कुणी ‘गेलेलं’ नाही. जावई, पाहुणे, गॅसवाला, सगळे ‘येतो’ म्हणूनच बाहेर पडतात. दाराशी कुणी चुकून ‘जातो’ म्हणालं, की काकू त्याला दंडाला धरून चौकटीच्या आत ओढतात आणि नीट बोलायला लावून मगच सोडतात. विजेचं मीटर बघायला येणाऱ्या भैयाला पहिल्यांदा वाटलं, बाई चहा देताहेत. तो बिचारा पुन्हा खुर्चीवर जाऊन बसला. आता तो लांबूनच ओरडतो, “आता हूँ, अम्मा जी!”

यजमान रत्नाकरराव जन्मभर जबलपूरच्या कारखान्यात तोफगोळे तपासून निवृत्त झाले. तोफगोळ्यांना ते कधी भ्याले नाहीत, पण घरच्या या नियमापुढे त्यांनीही कधी ब्र काढला नाही.

मागे एकदा वरच्या खोल्या सौमित्र नावाच्या तरुणाने भाड्याने घेतल्या. तो सिनेमा करायला आला होता. नर्मदेच्या ग्वारीघाटावर दिवे विकणारा मुलगा वाळूचोरांच्या टोळीत शिरतो आणि टोळीतच वयात येतो, अशी गोष्ट. आईचं काम करणारी नटी ऐनवेळी आजारी पडली आणि सौमित्र खाली स्वयंपाकघरात येऊन उभा राहिला.

“काकू, एकच सीन आहे. पोराला जेवायला वाढायचं, बस. बोलायचं काही नाही.”

वाढायचं म्हटल्यावर काकू कशाला नाही म्हणतील? शूटिंगच्या दिवशी त्यांनी त्या मुलाला आग्रह करकरून पोळ्या वाढल्या. तो उठला, दाराशी गेला आणि ठरल्याप्रमाणे म्हणाला, “जा रहा हूँ, अम्मा.” काकूंनी नुसतं बघत राहायचं होतं. पण समोर दार, दारात पोरगा आणि त्याच्या तोंडी असले शब्द! कॅमेरा गेला खड्ड्यात. त्यांनी त्याचा दंड धरला.

“काहून रे, जातो म्हणते का कोणी? येतो म्हण!”

सगळा सिनेमा हिंदी, घाटावरची अम्मा हिंदी, आणि तिच्या तोंडी अस्सल वऱ्हाडी मराठी. पोरगा गडबडला, पण “आता हूँ” म्हणून सुटला. सौमित्र हसून म्हणाला, “राहू द्या, बघू.” काकू धरून चालल्या, की हा तुकडा कापतील.

कापला नव्हता. सिनेमा लागला तेव्हा सगळी कॉलनी बघायला गेली, आणि नेमक्या त्या ठिकाणी थिएटरात हशा पिकला. काकूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. डोकं दुखण्याचं निमित्त करून त्या मध्यंतरालाच रत्नाकररावांना घेऊन घरी आल्या.

मग परीक्षणं आली. सून हर्षा जबलपुरातच वाढलेली. तिने मोबाइलवर एकेक वाचून दाखवलं. कुणी म्हणालं, गुंड मारामारीपेक्षा जेवतातच जास्त. कुणी म्हणालं, वयात येणाऱ्या पोराची घालमेल छान, पण शेवटचं वाक्य कळलंच नाही. आणि एका मोठ्या पेपरच्या समीक्षकाने दीड तारा देऊन लिहिलं, “हिंदी आई मध्येच मराठी बोलते. दिग्दर्शक झोपला होता काय?”

काकूंच्या कानात बाकी काही शिरलंच नाही. “इतकी वर्षं त्या पोट्ट्यानं जीव आटवला,” त्या म्हणाल्या, “अन् मी एका वाक्यात माती केली.” मुंबईहून सौमित्रचा फोन वाजला, की त्या मोबाइल उशीखाली सरकवत.

तेव्हापासून काकूंनी दाराशी कुणाला टोकणं बंद केलं. भाचा “जातो, मावशी” म्हणाला, तर मान हलवली. रत्नाकररावांना राहवेना. एका सकाळी ते पिशवी घेऊन मुद्दाम म्हणाले, “बड्या फुहाऱ्याच्या बाजारात जातो.”

“बरं,” काकू म्हणाल्या.

रत्नाकरराव फाटकापर्यंत गेले आणि तसेच परत आले. संसारात त्यांना बायकोचा राग सोसायची सवय होती, हे ‘बरं’ काही सोसेना. त्यांनी हर्षाला गाठलं. “कुणी बरं लिहिलं असेल ना गं? शोध.”

हर्षाने शोधलं. भोपाळच्या एका बाईने लिहिलं होतं, “सिनेमा लांबला आहे, पण शेवटच्या एका वाक्यासाठी जरूर पाहा. आणि ते वाक्य मराठीत बोलणाऱ्या अम्माचं देणं आहे.”

“कोणतं वाक्य?” काकू ताडकन उठल्या. “माझं तर एकच होतं.”

“वो नहीं लिखा, आई. पिक्चरचा शेवट कोणी सांगत नाही ना. तुम्हाला जाऊनच बघावं लागेल.”

दुपारच्या खेळाला थिएटरात मोजकीच माणसं होती. आपला सीन आला तेव्हा काकूंनी पदर तोंडावर घेतला. पण यावेळी त्या मध्यंतरानंतरही बसून राहिल्या. टोळी फुटली, माणसं पडली, गुंड अधूनमधून जेवले. शेवटी मोठा झालेला तो मुलगा पकडला गेला. पोलिसांच्या गाडीत चढता चढता तो थांबला. समोर आपल्याच घराचं बंद दार. दारात कुणी नाही. त्या दाराकडे बघून तो हलकेच म्हणाला, “आता हूँ, अम्मा.”

गाडी सुटली, पडदा काळा झाला. आणि त्या शांततेत काकू कुठे बसलो आहोत हे विसरून मोठ्याने म्हणाल्या, “ये रे बाप्पा. सांभाळून ये.”

लोकांनी वळून पाहिलं. हसलं मात्र कुणी नाही. रत्नाकररावांनी खिशातला रुमाल काढून बायकोला दिला, मग परत मागून घेतला. बाहेर येताच काकूंनी आपणहून सौमित्रला फोन लावला. त्याला आधी रडून दाखवलं आणि मग तुझे गुंड फारच खातात म्हणून सुनावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रत्नाकरराव पिशवी घेऊन दाराशी उभे राहिले. घसा खाकरला. आणि “जातो” म्हणायचा अवकाश, काकू हातातल्या लाटण्यासकट बाहेर आल्या.