भिंगरीची उडी आणि सायकलवाल्याची छाती

डॉक्टरीणबाईंनी सायकलवाल्याला आठवडाभर स्वस्थ पडून राहायला सांगितलं होतं. ज्याला जेवतानाही पाय हलवायची सवय, त्याला ही शिक्षाच. दर दहा मिनिटांनी तो उठे, पुढच्या खोलीतल्या दुकानात जाई, एखादं चाक उगीच फिरवून बघे. श्वास जरा खोल गेला की बरगडीत सुरी फिरल्यासारखं होई आणि तो वाकडा होऊन परत येई.

खरी चुटपुट मात्र वेगळीच होती. त्याची धाकटी लेक, सहा वर्षांची भिंगरी, दोन दिवस त्याच्याजवळ फिरकली नव्हती. परवा संध्याकाळी तिने स्टुलावरून नेहमीसारखी त्याच्या पाठीवर उडी घेतली आणि तो केवढ्याने तरी ओरडला.

"ती म्हणते, तुमचं आतलं काहीतरी तिने फोडलं," थोरलीने बातमी आणली. घरात तिला सगळे मास्तरीण म्हणत.

त्याने दोघींना दुकानात बोलावलं. भिंगरी दाराला चिकटून उभी. त्याने एका टायरमधून ट्यूब ओढली.

"ही ट्यूब म्हणजे माझं फुफ्फुस. हवा भरली की फुगतं. टायर म्हणजे छाती."

"आणि ट्यूब फुटली," भिंगरी दारातूनच म्हणाली.

"फुटली असती तर फुस्स झालं नसतं का? बरं, मी दोन्हींच्या मध्ये ही पांढरी पावडर का घालतो?"

"घासू नये म्हणून," मास्तरीण.

"हां. तसे छातीत दोन पातळ पडदे असतात. एक फुफ्फुसावर, एक छातीच्या आतून. मध्ये थेंबभर पाणी, म्हणून ते गुळगुळीत सरकतात. मला खोकला झाला ना, त्याचे जंतू तिथवर गेले. पडदे सुजले. आता श्वास घेतला की एकमेकांवर घासतात. गोळ्यांनी सूज उतरेल."

"मग तोपर्यंत पावडर घाला ना!"

त्याला हसू फुटलं, पाठोपाठ कळ आली. भिंगरी दाराआड गडप.

"पण मी उडी मारायच्या आधी दुखत नव्हतं," तिकडून बारीक आवाज आला.

इथे गाडी अडली. परवापर्यंत छातीत काही दुखत नव्हतं, असं त्यानेच बायकोला छातीठोक सांगितलं होतं. मागे स्वयंपाकघरात तिची भांडी वाजत होती. बोलावं तर आपली धडगत नाही. न बोलावं तर ही पोर दाराआडच राहणार.

"दुखत होतं," तो जमेल तितक्या हळू म्हणाला. "चार दिवस आधीपासून. मी कुणाला सांगितलं नाही."

भांडी थांबली.

"चार दिवस?" बायको हात पुसत दारात. "आणि मी विचारलं तर म्हणे, मान अवघडलीय!"

भिंगरी बाहेर आली. "आई, म्हणजे बाबा खोटं बोलले?"

"सपशेल."

"आणि मी काही नाही फोडलं?"

"तू गं काय फोडणार? यांनीच अंगावर काढलं."

भिंगरीने दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि आईच्या शेजारी जाऊन उभी राहिली. मास्तरीणही सरकली. तिघींनी मिळून त्याला असं काही फैलावर घेतलं की त्याला हसू आवरेना, आणि हसायची तर सोय नव्हती.