हरकतदाराची सही

काँप्युटरच्या दुकानात दोन गोष्टी आपोआप साठतात. रिकामी खोकी आणि किस्से. खोकी दर शनिवारी भंगारवाला घेऊन जातो. किश्शांना अजून गिऱ्हाईक मिळालेलं नाही, म्हणून आज तुम्हाला बसवलंय.

साताऱ्यात स्टँडच्या मागच्या बोळात सुहासचं दुकान आहे. कुणाला गेमिंगला, कुणाला डिझाइनला, जसं काम असेल तसे सुटे भाग निवडून तो मशीन जोडून देतो. मी त्याचा कोणी नाही. चौतीस वर्षं सरकारी कचेरीत कारकुनी करून निवृत्त झालो, तेव्हा 'घरात यांची अडचण होते' असा ठराव सौभाग्यवतींनी मांडला आणि मुलीनं फोनवरून अनुमोदन दिलं. तेव्हापासून सकाळी दहा ते एक मी सुहासच्या दुकानात. मांडीवर पुस्तक असतं. पानं फार सावकाश उलटतात, कारण समोर त्याहून बरं काहीतरी चाललेलं असतं.

पहिल्याच महिन्यात माझ्या लक्षात आलं, की आपल्याकडं मशीन एकजण घेतो, पण सुटे भाग सगळं घर निवडतं. एक मशीन तर तीनदा परत आलं. एकदा वडलांना काळं कॅबिनेट नको म्हणून, एकदा चुलत्यांनी दुसराच प्रोसेसर ऐकला होता म्हणून, आणि तिसऱ्यांदा आत्याला विचारायचं राहिलं म्हणून! आत्या राहते पुण्याला.

मी सुहासला म्हटलं, "सरकार रस्ता रुंद करायच्या आधी हरकती मागवतं. तू रॅम बसवायच्या आधी का मागवत नाहीस?"

आणि मी एक फॉर्म आखून दिला. चार रकाने. एक, नाव. दोन, मशीनवर काय करणार. तीन, मशीन कुठल्या खोलीत राहणार. चार, घरात हरकत कोणाची. 'हरकत नाही' असं लिहून हरकतदाराची सही. चौथा रकाना भरल्याशिवाय एक स्क्रूसुद्धा मागवायचा नाही.

सुहास हसला. पुढच्या महिन्यात एकही मशीन परत आलं नाही, तेव्हा मुकाट्यानं जाऊन पन्नास झेरॉक्स काढून आला.

*

त्यातला एक फॉर्म वडूजच्या सुवर्णाचा.

एसटीनं एकटीच आली होती. दुसऱ्या रकान्यात जागा पुरेना म्हणून मागच्या बाजूला लिहिलं: फ्लेक्स, लग्नपत्रिका, गुळाच्या पिशव्यांची डिझाइनं, आल्याच्या पोत्यावरचे शिक्के. सुहासनं तेवढं वाचूनच यादी केली. रॅम भरपूर, स्क्रीन मोठा आणि रंग खरे दाखवणारा, ग्राफिक्स कार्ड मध्यम. "ज्याला काय करायचंय ते ठाऊक असतं, त्याचं मशीन दहा मिनिटांत ठरतं," तो म्हणाला.

चौथ्या रकान्यात तिनं लिहिलं होतं, 'सासरे. सुभेदार, निवृत्त.' सहीची जागा कोरी.

मी विचारलं, "नाही म्हणतात का?"

"न्हाई म्हणत न्हाईत. म्हणत्यात, नेम येत नसला की शिपाई बंदूक बदलून मागतो."

चार वर्षं ती गावातल्या एका फ्लेक्सवाल्याच्या जुन्या मशीनवर काम करत होती. आता त्याचा मुलगा शिक्षण संपवून दुकानात बसणार होता.

"दिवाळीनंतर मला खुर्ची न्हाई, काका. घरात मशीन आलं तरच काम राहील. आमचे हे फौजेत हाईत, त्यांचा होकार हाय. पण तात्यांच्या मनाविरुद्ध आमच्या भिंतीत खिळासुदिक ठोकत न्हाईत."

फॉर्म घडी करून ती घेऊन गेली.

*

दुसऱ्या रकान्यात खरं लिहावं, असं मी प्रत्येकाला बजावतो. कोणी ऐकत नाही.

एक कॉलेजकुमार वडलांना घेऊन आला. वडील हाताची घडी घालून पाठीशी उभे. मुलानं लिहिलं, 'फक्त अभ्यास.'

सुहासनं विचारलं, "नक्की?"

"फक्त अभ्यास."

"म्हणजे ग्राफिक्स कार्ड नको?"

मुलानं एकदा वडलांकडं बघितलं, एकदा काचेतल्या कार्डाकडं बघितलं आणि देशासाठी बलिदान देतात त्या आवाजात म्हणाला, "नको."

सुहासनं अगदी इमानदारीत अभ्यासाचं मशीन जोडून दिलं. आठव्या दिवशी मुलगा एकटाच हजर!

"दादा, माझा अभ्यास लय अडकत चाललाय."

"कुठं अडकतोय?"

"धुकं आलं की अडकतो. आज गोळी झाडली तर उद्या लागते."

"विषय कुठला?"

मुलानं दारातून बाहेर बघून घेतलं आणि म्हणाला, "इतिहास. दुसरं महायुद्ध!"

*

वाईचे एक आजोबा. नात आर्किटेक्चर शिकते, तिला मशीन हवं. हरकतदार अर्थातच आजोबा. खुर्चीवर बसले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "प्रोसेसर म्हणजे काय ते आधी समजावून सांगा. घाई नाही."

सुहास म्हणाला, "आजोबा, याला आठ कोअर आहेत. म्हणजे आत आठ माणसं एकदम काम करतायत असं समजा."

आजोबांनी मनाशी हिशेब केला. "आम्ही घरात चौघं. चारांत भागवा."

नात म्हणाली, "आजोबा, तसं नसतं हो ते!"

"तसंच असतं. आठ माणसं ठेवली की चार बसून खातात. मी नोकरी केलेली आहे."

नोकरी मीही केलेली असल्यामुळं मला काही बोलता येईना.

पाऊण तास घासाघीस झाल्यावर आजोबांनी रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'हरकत नाही. काम नसेल तेव्हा चार कोअर बंद ठेवण्याच्या अटीवर.' खाली तारखेसह सही.

अट अजून पाळली जाते. नात रोज जेवायला बसताना ओरडून सांगते, "आजोबा, चार बंद केले हं!" आणि मग ते पहिला घास घेतात.

*

सुहास मूळचा सांगलीचा, त्यामुळं तिकडचंही गिऱ्हाईक येतं. कुपवाडला वर्कशॉप असलेले एक गृहस्थ ड्रॉइंगच्या कामासाठी मशीन घ्यायला आले. त्यांनी कॅबिनेटचा पत्रा अंगठ्यानं दाबून बघितला. पत्रा दबला.

"सुहासराव, ह्यो पत्रा व्हय? ह्यापेक्षा फरसाणाचा डबा बरा! आतलं सामान तेवढं द्या. पेटी आमी करतो."

महिन्याभरानं त्यांचा फोन आला, मशीन झकास चाललंय, फक्त रॅम वाढवायची आहे. सुहास सांगलीला निघालाच होता. मीही सोबत गेलो.

पेटी बघितली. तिजोरीसारखी जाड, राखाडी ऑइलपेंट मारलेली, उचलायला वर दोन कड्या. सुहासनं स्क्रूड्रायव्हर काढला आणि पेटीभोवती एक प्रदक्षिणा घातली. मग उलटी घातली.

"साहेब, हिला उघडायचं कुठून?"

"उघडायचं कशाला? चारी बाजूनं वेल्डिंग मारलंय! हवेला जाळी ठेवलीया तेवढीच. चोर ऱ्हाऊ द्या, मुंगी शिरायची न्हाई!"

सुहासनं हातातली रॅम त्यांना दाखवली. "मग ही कुठून शिरणार?"

गृहस्थांचा चेहरा जराही पडला नाही. मागं वळून त्यांनी हाक मारली, "गॅस कटर आण रं!"

*

मधे सुवर्णा परत आली. फॉर्म तिनं तात्यांच्या पेपरखाली ठेवला होता. तात्यांनी तो सापडल्याबरोबर वाचला, लाल पेनानं दोन शुद्धलेखनाच्या चुका सुधारल्या, तिसऱ्या रकान्यापुढं 'खोलीचे दार कोणत्या दिशेस, नमूद नाही' असा शेरा मारला आणि सही न करता परत केला! असा शेरा मला चौतीस वर्षांत सुचला नव्हता. मनातल्या मनात मी सुभेदारांना सलाम केला.

सुहास म्हणाला, "ताई, आत्ता कमी रॅमचं साधं मशीन घेऊन टाका. छोट्या मशीनला त्यांची ना नसंल."

"न्हाई दादा. त्यावर दहा फुटी फ्लेक्स उघडला की मशीन झोपतंय. मग तात्या म्हणणार, बघा, बंदूक बदलली तरी नेम न्हाईच." ती फॉर्मकडं बघत म्हणाली, "गणपती झाले, काका. दिवाळीला किती राहिलं?"

मी तिला नोकरीत शिकलेली एकमेव गोष्ट सांगितली. "हे बघ, हरकत कधी मोडायची नसते. हरकतदाराचंच काम अडलं पाहिजे. त्या दिवशी फाईल स्वतःच्या पायानं चालत येते."

तिनं मान हलवली. फॉर्म या वेळी जरा जास्तच काळजीनं घडी केला.

*

पाटणकडचे एक शेतकरी मुलाबरोबर आले. मुलगा लग्नाचे व्हिडिओ जुळवतो. सुहासनं त्याला प्रोसेसर गार ठेवायला पाण्यावरचा कूलर सुचवला. पाणी म्हटल्यावर वडील सावरून बसले.

"पाणी किती दिवसांनी भरायचं?"

"भरायचं नाही, सीलबंद आहे."

"मग ही मोटर?"

"तेच पाणी फिरवायला."

"फिरून कुठं जातं?"

"वर जातं, गार होतं, परत खाली येतं."

वडलांनी पाइपवरून बोट फिरवून खात्री केली. "म्हंजी मोटर चालू, पाइप भरल्याला, पानी गोल गोल फिरतंय, पन भाइर थेंब न्हाई?"

"बरोबर!"

"काय हरकत न्हाई. द्या," ते सही करत म्हणाले. "आमच्या डोंगरावर असलीच एक उपसा योजना हाय!"

*

दिवाळी बारा दिवसांवर आली होती. सकाळी साडेदहाला दुकानासमोर जीप थांबली. आधी उतरली एक लांबलचक फ्लेक्सची गुंडाळी, मग तिच्या दुसऱ्या टोकाला ताठ कण्याचे, भरघोस पांढऱ्या मिशांचे एक वृद्ध. मागून सुवर्णा, डोक्यावर पदर.

"फॉर्म तुमी काढला का?" त्यांनी मला विचारलं.

"हो, सुभेदारसाहेब."

"चांगला हाय. बाहेर या."

गुंडाळी दुकानात मावेना, म्हणून बोळातच उलगडली. दोन मोटारसायकली थांबल्या, एक रिक्षा मागं गेली. वडूजला माजी सैनिकांचा मेळावा झाला होता, त्याचा तो फ्लेक्स, सुवर्णानंच केलेला. अकरा जवान, सगळे वर्दीतले, तरुणपणचे.

"सगळ्यांनी एकाच मापाचे जुने फोटो दिले व्हते," सुभेदार म्हणाले. "आता ह्यो चौथा बघा. ह्यो मी."

बघितलं. वर्दी झकास, पदकं झकास. फक्त नाकाखाली थोडं धुकं पडलं होतं.

"मेळाव्यात पार इज्जत गेली! आमचा एक हवालदार व्हता, माझ्या हाताखालचा. भर चौकात म्हणतोय, 'सुभेदारसाब, मूँछ कहाँ छोड़ आये?'"

सुवर्णा खाली बघून म्हणाली, "फ्लेक्सच्या दुकानातलं मशीन लय जुनं हाय, तात्या. मधेच झोपतंय."

"तू गप. मला कळतंय." ते माझ्याकडं वळले. "चार वर्षं बघतोय मी, साहेब. पत्रिका बघितल्या, पिशव्या बघितल्या. पोरीचा नेम कवाच चुकल्याला न्हाई. आणा तो फॉर्म."

आतापर्यंत सुहास गुडघ्यावर बसून फ्लेक्स या टोकापासून त्या टोकापर्यंत न्याहाळत होता. त्यानं मान वर केली. "पण तात्या, बाकीच्या दहा जणांची मिशी तर केस न् केस मोजता..."

मी त्याच्या पायावर पाय दिला. चपलेसकट.

"काय म्हणाला त्यो?"

"काही नाही. स्क्रीन किती इंची, विचारतोय."

"असंल त्यातली मोठी!"

जीपच्या बॉनेटवर फॉर्म ठेवून त्यांनी चौथा रकाना भरला. 'हरकत आहे. मिशी अस्पष्ट. नेम बरोबर आहे, बंदूक तात्काळ बदलावी.' खाली हुद्द्यासह सही.

मी सुवर्णाकडं बघितलं. ती घाईघाईनं फ्लेक्स गुंडाळत होती, स्पष्ट मिशांच्या बाजूनं.