तीनदा दाबायचा ब्रेक

परवा शेजारी कोणीतरी गाडी खोलून बसलं होतं. ब्रेक ऑइलचा वास आला आणि नंदनवन वस्तीतलं आमचं जुनं अंगण आठवलं. दिराच्या तेरवीच्या दुसऱ्या दिवशी आमचे हे लष्करी लिलावातली जुनी जीप विटांवर चढवून स्वतःच ब्रेकचे लायनर बदलत होते. मिस्त्रीला हात लावू दिला नाही. ऊन इतकं की पाना फडक्याने धरावा लागे. त्या जीपचा ब्रेक तीनदा दाबल्याशिवाय लागत नसे. ह्यांना सवय झाली होती, म्हणून दुरुस्ती राहिली. दिराला ते माहीत नव्हतं. हुडकेश्वरच्या रस्त्यावर जीप बाभळीवर गेली. जीपला पोचा आला, दीर गेला. सासूबाई दारातून म्हणाल्या, "आता काहून बदलून राहिला गा? माहा लहाना वापस येते का?" ह्यांनी ब्रेकच्या नळीतली हवा काढायला मला सीटवर बसवलं आणि खालून सांगत राहिले, "दाब वं. धरून ठेव. सोड आता." शेवटी ब्रेक पहिल्याच दाबाला घट्ट लागला. "लागला का?" त्यांनी विचारलं. "लागला," मी म्हटलं. तरी हे जीपखालून बाहेर येईनात. नुसते पाय दिसत होते. दिराने खुंटीवरची चावी आपणच घेतली, असं हे मरेपर्यंत समजत होते. ती मी दिली होती. ब्रेकचं मलाही ठाऊक होतं, पण तव्यावर पोळी होती आणि सांगायचं राहून गेलं. त्या दिवशी सीटवर बसून बोलता आलं असतं. मी उतरून घरात गेले. आता हे नाहीत, सासूबाईही नाहीत, म्हणून लिहिते आहे.