पाच नंबरची काठी

बाबा गेले त्या सकाळी मी शाळेत सातवीचा तास घेत होते. नवऱ्याचा फोन आला, "मीरा, घरी ये. बाबा उठलेच नाहीत..." झोपेतच गेले. त्याला आता सव्वा महिना होईल. पण माझ्या या सासऱ्यांविषयी लिहायला बसलं, की डोळ्यांत पाणी येण्याआधी ओठांवर हसू येतं.

ते साताऱ्याकडचे. रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून झाशीला आले आणि निवृत्तीनंतर इथेच, प्रेम नगरात राहिले. तीन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा हलका झटका आला. बोलणं शाबूत राहिलं, पण उजवा हात लुळा पडला. चमचाही धरवेना. मग त्यांनी लग्नकार्यांना जाणं सोडलं आणि ताट खोलीत मागवायला लागले. व्यायामाचा रबरी चेंडू तसाच पडून असायचा.

एका दुपारी मोबाइलवर त्यांना फ्लाय फिशिंग दिसलं. नदीत उभा एक माणूस लवचिक काठीने लांब दोर हवेत खेळवत होता आणि दोराच्या टोकाला पिसांची खोटी माशी होती. "बघ, हात कोपरातून चालतोय," बाबा म्हणाले. "हे मला जमेल." आपण तर शाकाहारी, असं मी म्हटलं, तर म्हणाले, "मासा सोडून द्यायचा गं."

सदर बाजारात एकाच दुकानात गळाच्या काठ्या मिळाल्या, त्याही जाडजूड. "यही ले जाइए बाबूजी, मगरमच्छ भी खिंच आएगा," दुकानदार म्हणाला. "मगरमच्छ का क्या करूँगा, भैया?" म्हणत बाबा हसत बाहेर आले. मग मीच ऑनलाइन एक संच मागवला. मजबूत तेवढं चांगलं, असं समजून आठ नंबरचा. गच्चीवर दहा मिनिटांत त्यांचा हात खाली आला. काठी भिंतीला टेकवून ते खोलीत गेले आणि दोन दिवस धड बोलले नाहीत. मला फार लागलं ते.

तिसऱ्या दिवशी चहाच्या वेळी ते वही घेऊन बसले होते, चष्मा लावून. आतला फिटर जागा झाला होता. "चूक तुझी नाही, आपण मापच बघितलं नाही," ते म्हणाले. "माशीला वजन नसतं. तिला दोराचं वजन पुढे नेतं. म्हणून काठी आणि दोर एकाच नंबरचे हवेत. आठ नंबर मोठ्या माशांसाठी. छोट्या माशांना आणि माझ्या हाताला पाच पुरे." छोट्या माशाला रीळ फक्त दोर गुंडाळायला लागतं, ते स्वस्तातलं चालेल, दोर मात्र बरा घ्यायचा, कडक दोराच्या गाठी होतात... असं सगळं त्यांनी टिपून ठेवलं होतं. आठ नंबर परत गेला आणि नऊ फुटांची, चार तुकड्यांची हलकी काठी आली.

चार महिने ते गच्चीवर सराव करत होते, गळाऐवजी लाल लोकरीचा गोंडा बांधून. मग आम्ही चिरगाँवच्या वाटेवर बेतवा नदीवर गेलो. बऱ्याच वेळाने बोटाएवढा एक चिलवा मासा लागला. बाबांनी हात ओला करून त्याला अलगद सोडलं. काठावरच्या शेतकऱ्याला राहवेना. "पकर कें छोड़नई है, तो पकरत काय हो?"

"हाथ के लाने, भैया," बाबा म्हणाले. हातासाठी.

त्या संध्याकाळी ते आमच्यासोबत जेवायला बसले आणि उजव्या हाताने वरणभात कालवला. थोडा सांडला. नवऱ्याने त्यांना आणखी भात वाढला आणि पाणी आणायच्या निमित्ताने आत जाऊन बराच वेळ तिथेच थांबला.

बाबांचे दिवस झाल्यावर काठी बांधून ठेवावी म्हणून मी ती पिशवीतून काढली. कॉर्कच्या मुठीवर, अंगठा टेकतो तिथे, काळपट खळगी पडली आहे. लुळ्या म्हटलेल्या त्या हाताने एवढा जोर लावला होता... मी माझा अंगठा तिथे ठेवून पाहिला. खळगी जरा मोठी आहे, पण बसतो. काठी आम्ही बांधून ठेवली नाही.