कापलेला सायलेन्सर

फेब्रुवारी १९५७, रविवार, सकाळ. स्थळ: लालबाग, आमच्या चाळीचं अंगण. हजर: गाडीचा मालक, म्हणजे एका कंपनीत ड्राफ्ट्समन असलेला माझा शेजारी, परळच्या गिरणीत फिटर असलेला आमचा मालवणी दोस्त, मोटरसायकल बाळगणारा गिरगावकर, आणि मी. थोड्या वेळाने शेजाऱ्याचे वडील. हजेरी घेतल्याशिवाय मला नीट आठवतसुद्धा नाही.

गाडी युद्धाआधीची, छोटी, विलायती. शेजाऱ्याने ती घेतल्यापासून आमचे रविवार तिच्या बॉनेटखाली जात. वजन कमी व्हावं म्हणून मागची सीट काढली. मोठा कार्ब्युरेटर बसवला. शेवटी सायलेन्सर कापून तिथे सरळ, जाड नळी लावली. खंडाळ्याचा घाट न थांबता चढायचा, एवढा एकच ध्यास. गाडी चढलीही. पण अंगणात ती सुरू झाली की दुसऱ्या मजल्यावरच्या बायका खिडक्या लावून घेत.

शेजाऱ्याचे वडील मात्र त्या गाडीत कधी बसले नव्हते. निवृत्त हेडक्लार्क, चळवळीतले, आवाज खणखणीत. "मोटार ही शेटलोकांची हौस," एवढं बोलून त्यांनी विषय मिटवला होता. शेजारी आमच्यात बढाया मारी. पण वडिलांनी एकदा तरी आपल्या शेजारी बसावं, याची त्याला फार आस होती, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

त्या दिवशी संध्याकाळी शिवाजी पार्कवर सभा होती. गिरणगावात तिची दवंडी द्यायचं काम वडिलांकडे होतं आणि ठरवलेली टॅक्सी आलीच नाही.

"बाबा, माझी गाडी आहे ना," शेजारी म्हणाला.

वडिलांनी गाडीकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं, आणि "बरं" म्हणाले.

आम्ही टपावर सुतळीने लाउडस्पीकरचा कर्णा बांधायला घेतला. बॅटरी मागे ठेवली. सीट काढल्याचा तेवढा उपयोग झाला.

"मेल्या, ही गाडी हा काय फटाको?" फिटर म्हणाला. "लोक सभेक येतले की पळतले?"

"तुझ्या गिरणीच्या भोंग्यापेक्षा गोड आहे," शेजारी म्हणाला.

गिरगावकर विलायती मासिकं वाचायचा. "जपानी लोक आता मोटारी काढतायत म्हणे. हलक्या आणि जोरात पळणाऱ्या."

"जपानी? अरे, ते चावीची खेळणी काढतात," शेजारी म्हणाला. "घाटात चावी संपली की बस मग कलिंगड खात."

सगळे हसलो. वडील धोतर सावरत पुढच्या सीटवर बसले. शेजाऱ्याने फडक्याने आधीच पुसलेलं स्टिअरिंग पुन्हा पुसलं.

गाडी सुरू झाली. वडिलांनी माइक तोंडाशी धरला. त्यांचे ओठ हलताना दिसले, बाकी काही ऐकू आलं नाही. गॅलऱ्यांतली माणसं हातानेच "काय?" विचारत होती. आम्ही तिघे मागून चालत होतो, आम्हालाही एक शब्द कळला नाही.

"हिला जरा हळू बोलायला सांग," वडील ओरडले.

शेजाऱ्याने वेग कमी केला, तशी गाडी बंद पडली. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. घाटासाठी आम्ही सगळं जुळवलं होतं; माणसाच्या चालीने ती कधी चालवावी लागेल, हे चौघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. काळाचौकीच्या नाक्यावर बॉनेटमधून वाफ निघाली आणि ती पुरती गप्प झाली.

शेजारी स्टिअरिंगवर मान खाली घालून बसला. वडिलांची पहिली फेरी अशी संपली, याची खंत त्याच्या पाठीवरसुद्धा दिसत होती.

त्या शांततेत वडील बोलले. सभेचं ठिकाण, वेळ, आणि शेवटी "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र..." वरच्या मजल्यांवरून लगेच उत्तर आलं, "झालाच पाहिजे!"

"असंच राहू दे," वडील म्हणाले. "ढकला."

आम्ही ढकलली. परळला पोचेपर्यंत वाटेतल्या कामगारांनी हात लावले होते. शिवाजी पार्कपर्यंत गाडी इंजिनाविना गेली आणि वडिलांचा शब्दन् शब्द ऐकू गेला.

"घाट चढता, पण सपाटीर ढकलूची लागता," फिटर धापा टाकत म्हणाला. शेजारी हसला नाही.

उतरताना वडील त्याला म्हणाले, "स्टिअरिंग चांगलं धरतोस. जुना सायलेन्सर लाव. तुझ्या आईला या आवाजाची धडकी भरते. तो लागला की आम्ही दोघं बसू."

वडील मैदानात गेल्यावर शेजारी फूटबोर्डवर बसला. "सायलेन्सर लावला तर घाटात दम जाईल रे."

"घाट खंय पळान जाता?" फिटर म्हणाला.

मी नंतर यावर पुष्कळ विचार केला. एका खोलीत आईवडिलांसह राहणाऱ्या माणसाला आवाज चढवायला जागा नसते. त्याला ती त्या नळीत सापडली असावी. आता वडील त्याच्या शेजारी बसणार, पण नळी काढल्यावर.

पुढे महाराष्ट्र राज्य झालं. चाळीत पेढे वाटताना वडिलांनी त्याला हळूच विचारलं, "लागला का?" तो म्हणाला, "येत्या रविवारी."

तो जुना सायलेन्सर अजून माझ्या पलंगाखाली पोत्यात आहे. तो कापलेला असल्याने मध्ये एक जोड लागेल. माप मी घेतलं आहे, फिटर तो लेथवर काढून द्यायला तयार आहे. शेजाऱ्याने गाडी आणायची तेवढी बाकी आहे.