कासिमिरोची अर्धी धून

मंगळवार, २२ नोव्हेंबर १९८८. संगीतवाल्यांच्या संत सिसिलियाचा सण. पहाटेपासून वारा, अंगणभर धूळ. रॉकेलची गाडी आजही आली नाही. बासिलिया सातला बाजारात गेली. दहा वाजता कासिमिरोची संगीताची परीक्षा. मी सोबत गेले. साडेअकराला परत.

माझ्या डायरीत त्या दिवसाच्या पानावर एवढंच आहे, आणि खाली संध्याकाळची एक ओळ. बाकीचं मी तेव्हा लिहिलं नाही, म्हणून आता लिहिते.

कासिमिरो तार्की आणि त्याची बायको बासिलिया माझ्या मागच्या खोलीत भाड्याने अडीच वर्षं राहिले. तो एकोणीस वर्षं कथिलाच्या खाणीत होता. सरकारने खाणी बंद केल्या तेव्हा हजारो माणसं सामानसुमान घेऊन इथे ओरूरो शहरात उतरली. कुणी टॅक्सी चालवायला लागलं, कुणी रस्त्याकडेला लिंबं मांडली. कासिमिरोने मास्तर व्हायचं ठरवलं. तेव्हा तो एकोणचाळीसचा होता.

हौस म्हणून नव्हे. डॉक्टरने त्याच्या छातीचा फोटो खिडकीच्या उजेडात धरून सांगितलं होतं, "इथे धुळीत आणि थंडीत राहिलास तर किती दिवस ते मी सांगत नाही. खाली दरीत, उबदार गावात गेलास तर पोरांची लग्नं बघशील."

"पोरं नाहीत," कासिमिरो म्हणाला.

"मग दुसऱ्यांच्या पोरांची बघ."

दरीतल्या खेड्यांना शिक्षक मिळत नव्हते. प्रमाणपत्र हातात असलं की जागा आणि राहायला खोली नक्की. इथल्या शिक्षक-शाळेने धंदा सोडून आलेल्या मोठ्या माणसांसाठी संध्याकाळचा दोन वर्षांचा वर्ग काढला होता. त्यात त्याने नाव घातलं.

त्याला वाटलं होतं, गणित असेल, भाषा असेल, मुलांना कसं शिकवायचं ते असेल. पहिल्याच आठवड्यात एक यादी हातात पडली. राष्ट्राचा झेंडा स्वतःच्या हाताने शिवून आणायचा. वाफा करून त्यात खाण्याजोगी भाजी उगवून दाखवायची. फळ्यावर आखणीशिवाय सरळ ओळीत लिहायचं. आणि फुंकून वाजवायचं एक वाद्य, दुसऱ्या वर्षाअखेर परीक्षेसह. खेड्यात सहा ऑगस्टला, स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीपुढे मास्तरच वाजवत चालतो, असं त्यापुढे कारण दिलेलं होतं.

झेंडा शिवताना बासिलिया दारात उभी राहून हसायची. "एकोणीस वर्षं डोंगर फोडला आणि आता सुईत दोरा जात नाही होय रे तुझ्या? दे इकडे."

"स्वतःच्या हाताने असं लिहिलंय."

"मग बोटं टोच स्वतःच्या हाताने."

झेंडा झाला. पिवळा पट्टा हिरव्यापेक्षा बोटभर रुंद होता, तरी पास झाला. वाफ्यातलं लेट्यूस दोनदा हिमाने जळलं. तिसऱ्यांदा मी माझ्या जुन्या पडद्याने रोज संध्याकाळी ते झाकलं, आणि त्याने सात पानं मास्तरांपुढे नेऊन ठेवली. गणितात त्याला सत्तरपैकी सहासष्ट होते. सरावासाठी ज्या खेड्यात गेला तिथल्या मुलांनी निघताना त्याच्या खिशात उकडलेली अंडी घातली होती. ती फुटून खिसा खराब झाला, म्हणून माझ्याकडे नोंद आहे.

राहिलं वाद्य. त्याने सिकू, म्हणजे बोरूच्या नळ्यांचा पावा घेतला, कारण तो त्याला येत होता. निदान येतो असं त्याला वाटत होतं.

मी दुपारी खिडकीपाशी लिहीत बसते. एक दिवस अंगणातून धून येऊ लागली, आणि दोन सुरांनंतर थांबली, पुन्हा एक सूर, पुन्हा थांबली. मी बाहेर जाऊन म्हटलं, "अरे, दम लागतोय तर जरा बस."

"दम लागलेला नाही, डोन्या एर्मिनिया. मी माझं वाजवतोय."

मग त्याने दाखवलं. सिकू दोन माणसांचा. सहा नळ्यांचा इरा एकाच्या हातात, सात नळ्यांचा आर्का दुसऱ्याच्या. एक सूर याच्याकडे, पुढचा त्याच्याकडे. कासिमिरोच्या गावात इरा त्याचा थोरला भाऊ लेओन्सिओ वाजवायचा आणि आर्का हा. लेओन्सिओ एकोणऐंशी साली खाणीत दगडाखाली गेला. तेव्हापासून कासिमिरोने सिकू तोंडाला लावला नव्हता. भावाचा इरा फडक्यात गुंडाळलेला होता, तो त्याने मला दाखवला.

"मग दोन्ही तूच शीक," मी म्हटलं.

"दोन्ही एकानेच वाजवायचं? म्हणजे आपणच हाक मारायची आणि आपणच ओ द्यायची."

मी इरा उचलून तोंडाला लावला. बासिलिया धुणं टाकून धावत आली. "अगं बाई! बायकांनी फुंकलं की गारा पडतात आमच्याकडे!"

"पडू देत. पत्रा माझा आहे," मी म्हटलं.

ख्रिस्ती ननांच्या शाळेत मी आठ वर्षं ऑर्गन शिकले होते, सुरांचा हिशेब मला कळतो. अडुसष्टाव्या वर्षी मी सहा नळ्या शिकले. मार्चपासून ऑगस्टपर्यंत आम्ही रोज चार ते पाच वाजवायचो, तो बाकावर, मी खुर्चीवर. सूर त्याच्याकडून आला की माझा निघायचा. त्याला एका सुराआड विसावा मिळत असे आणि खोकला येत नसे. गारा दोनदाच पडल्या, त्या इतर वर्षीही पडतात.

सप्टेंबरात मी संगीताचे प्रोफेसर सेन्तेनो यांना भेटायला गेले. सभ्य गृहस्थ, नखं स्वच्छ. मी विचारलं, परीक्षेत दुसरा भाग मी वाजवला तर चालेल का.

"परीक्षा एकाची असते, डोन्या. खेड्यात हा एकटाच मास्तर असणार. तिथे तुम्ही जाणार आहात का त्याच्याबरोबर?"

"गावात दुसरा भाग वाजवणारे असतात, प्रोफेसर. एकटं कुणीच वाजवत नाही."

"शहरात सगळे दोन्ही एकत्र बांधून एकट्याने वाजवतात. मी स्वतः वाजवतो." ते उठून उभे राहिले. "तुम्ही चहा घेणार का?"

मी चहा घेतला नाही. डॉक्टरचा कागद त्यांना दाखवायला हवा होता. तो माझ्या पर्समध्येच होता. कासिमिरोने बजावलं होतं, "छातीचं बोलू नका. आजारी माणसाला जागा देत नाहीत." त्यामुळे कागद पर्समध्येच राहिला.

शाळेकडून त्याला नवा सिकू मिळाला, दोन्ही भाग लोकरीच्या दोऱ्याने एकत्र बांधलेला. सप्टेंबर आणि ऑक्टोबर तो त्यावर घासत राहिला. दोन्ही ओळी फुंकायच्या म्हणजे मध्ये श्वास घ्यायला जागा नाही. धून तीन भागांची. पहिला भाग तो पुरा करू लागला. दुसऱ्यात खोकला गाठायचा. रुमालावर डाग दिसू लागले तशी बासिलियाने चेष्टा थांबवली. एकदा माझ्या स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "बाई, त्याला सांगा ना. तुमचं ऐकतो."

"काय सांगू?"

ती कांदे सोलायला बसली.

परीक्षेच्या दिवशी निघताना मी लेओन्सिओचा इरा रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवला. सवयीने ठेवला असं म्हटलं तर खोटं होईल.

मला व्हरांड्यात बाकावर बसवलं. भिंतीवर पाटी होती, शांतता राखा. दार पुरतं बंद होत नव्हतं, चार बोटं फट होती. तीतून कासिमिरोची पाठ दिसत होती, इस्त्री केलेला कोट, मीच इस्त्री केलेला.

पहिला भाग चांगला झाला. दुसऱ्याच्या सुरुवातीला आवाज चिरला. तो खोकला, बराच वेळ खोकला. सेन्तेनो म्हणाले, "पाणी घ्या. सावकाश." मग त्याने पुन्हा सुरू केलं, आणि पहिल्या सुरालाच मला कळलं. त्याचं तोंड आपोआप आर्कावर गेलं होतं. एक सूर, मग रिकामी जागा. दोन सूर, रिकामी जागा. प्रत्येक जागा बरोबर तेवढीच, जेवढी मी रोज चार वाजता भरत होते.

"पूर्ण वाजवा, तार्की."

"पूर्णच वाजवतोय, प्रोफेसर. उरलेलं दुसऱ्याचं आहे."

"इथे दुसरा कुणी नाही."

त्याने सिकू पुन्हा ओठांना लावला. पुढे वाजवत राहिला. मी पर्स उघडली, रुमाल सोडला. इरा माझ्या मांडीवर होता. माझा सूर आला आणि गेला. पुढचा आला, तोही गेला. कुणी विचारल्याशिवाय बोलायचं नाही, हे ननांनी मला सहाव्या वर्षापासून शिकवलं होतं. मी पाटीकडे बघत बसून राहिले. तिसऱ्या भागाच्या शेवटी त्याने मान किंचित वळवली. त्याला फटीतून मी दिसले असेन की नाही, सांगता येत नाही. शेवटचा सूर माझा होता, त्यामुळे धून संपल्यासारखी वाटली नाही. आत कागद उलटल्याचा आवाज आला.

सत्तरपैकी अठ्ठावीस. पास व्हायला छत्तीस लागत. फेरपरीक्षा पुढच्या नोव्हेंबरला.

येताना वारा समोरून होता. कोपऱ्यावर तो थांबला, भिंतीला हात लावून. मी म्हटलं, "मी वाजवायला हवं होतं."

"त्यांनी तुम्हाला बाहेर काढलं असतं."

"तरी वाजवायला हवं होतं."

"हो," कासिमिरो म्हणाला. मग भिंतीवरचा हात काढून म्हणाला, "चला डोन्या, तुमच्या टोपीत धूळ जातेय."

पुढचा नोव्हेंबर त्याला मिळाला नाही. जानेवारीत तो एका सहकारी खाणीत परत गेला, ओळखीच्या माणसांनी बोलावलं म्हणून. सोळा सप्टेंबर एकोणनव्वदला, शनिवारी, सरकारी इस्पितळात वारला. बासिलिया तिच्या बहिणीकडे दरीत गेली. तिथून तिने दोनदा संत्री पाठवली. लेओन्सिओचा इरा तिने नेला नाही आणि मी विचारलं नाही. नव्या सिकूसाठी शाळेचा शिपाई आला होता, तो मी त्याला दिला.

परीक्षेच्या त्या पानावर संध्याकाळी मी खाली लिहिलं आहे: शेंगदाण्याचं सूप तिघांसाठी केलं होतं. दोन वाट्या उरलं.